वाचक विचारतात : साइट मोबाईलवर मोडते, काय करू?

मागच्या अंकात मोबाईलवर दिसणाऱ्या वेबसाइटबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढे प्रश्न आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. पत्रं थोडी छोटी केलीत. कोड छापत नाही, काय कुठे बदलायचं ते बोलल्यासारखं सांगते, नावं सगळी वापरातलीच आहेत त्यामुळे शोधलीत की लगेच सापडतील.

प्रश्न : ताई, आमचं बेदाण्याचं दुकान आहे, साइट पुतण्याने बनवलीय. कॉम्प्युटरवर झकास दिसते पण फोनवर सगळं पान एवढंसं होऊन येतं, दोन बोटांनी मोठं केल्याशिवाय वाचताच येत नाही. पुतण्या म्हणतो मीडिया क्वेरी टाकल्यात. मग चालत का नाहीत?
— एक वाचक, तासगाव

दादा, पुतण्याच्या मीडिया क्वेरी, म्हणजे पडद्याच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलणारे नियम, बहुतेक बरोबर असतील, एक ओळ राहिली असणार. २००७ साली आयफोन आला तेव्हा जवळजवळ सगळी पानं मोठ्या स्क्रीनसाठीच बनलेली असायची, म्हणून त्यातल्या सफारीने असं केलं की पान ९८० पिक्सल रुंद आहे असं धरून मांडायचं आणि मग अख्खं पान छोटं करून फोनवर बसवायचं. बाकीच्या मोबाईल ब्राउझरांनी पण तीच पद्धत उचलली आणि ती आजही चालू आहे. म्हणजे तुमचा फोन ३६० रुंदीचा असला तरी पानाला कळतंय की आपण ९८० वर आहोत, मग ‘रुंदी ६०० पेक्षा कमी असेल तर असं कर’ हा नियम लागू होणार तरी कधी?

यावरचा उपाय ॲपलनेच तेव्हा काढला, व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग, म्हणजे पान किती रुंदीवर मांडायचं ते ब्राउझरला सांगणारी ओळ. एचटीएमएलच्या, म्हणजे पानाच्या कोडच्या, वरच्या हेड या भागात तो टाकायचा, त्यात विड्थला डिव्हाइस-विड्थ द्यायची आणि इनिशियल-स्केल १. बस. तेवढ्याने पुतण्याच्या सगळ्या मीडिया क्वेरी जाग्या होतील.

आणि एक विनंती. त्याच ओळीत कधीकधी युजर-स्केलेबल नो किंवा मॅक्सिमम-स्केल १ पण लिहिलेलं असतं, कुठून तरी कॉपी करताना येतं ते. असलं तर काढून टाका. आयफोनवरचा सफारी आयओएस १० पासून ही बंदी मानत नाही पण अँड्रॉइडवरचा क्रोम मानतो, आणि मग साठीच्या गिऱ्हाइकाला पाकिटावरचं वजन आणि भाव मोठा करून बघायचा असेल तर बघता येत नाही. मला याचा मनापासून राग येतो. वाचणाऱ्याचा झूम काढून घ्यायचा आपल्याला काहीही अधिकार नाही.

प्रश्न : मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी रिस्पॉन्सिव्ह साइट करतोय. इंटरनेटवर ब्रेकपॉइंटच्या याद्या मिळतात, ३२०, ३७५, ४१४, ७६८, १०२४, १३६६ अशा, प्रत्येक यादी वेगळी. नक्की कुठली धरू?
— एक विद्यार्थी, नागपूर

कुठलीच नको धरूस. ब्रेकपॉइंट म्हणजे ज्या रुंदीला पानाची मांडणी बदलायची ती रुंदी, आणि ती फोनवरून ठरवायची नसते. त्या याद्या म्हणजे त्या त्या वर्षी खपलेल्या फोनची मापं आहेत, ३२० हे पहिल्या आयफोनचं, ७६८ पहिल्या आयपॅडचं. तुझा प्रोजेक्ट जमा होईपर्यंत त्यातली अर्धी मापं बाजारात नसतील आणि घडीचे फोन तर एकाच दिवसात दोन मापांचे होतात.

ईथन मार्कॉट यांनी मे २०१० मधे ‘अ लिस्ट अपार्ट’ या वेब मासिकात रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइनवर, म्हणजे पडद्याच्या मापाप्रमाणे आपोआप जुळवून घेणाऱ्या पानांवर, लेख लिहिला, हे नाव तिथूनच रूढ झालं. त्यात त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या होत्या, टक्क्यांवर चालणारा लवचिक ग्रिड, डब्याच्या रुंदीत मावणारी चित्रं, आणि मग मीडिया क्वेरी. लोक तिसरी तेवढी उचलतात आणि पहिल्या दोन विसरतात, मग प्रत्येक फोनसाठी वेगळा नियम लिहित बसावं लागतं. पहिल्या दोन नीट केल्यास ना तर मीडिया क्वेरी फार थोड्या लागतात.

तर असं कर. ब्राउझरची खिडकी अगदी अरुंद कर, ३२० च्या आसपास. तिथे एका कॉलममधे पान नीट वाचता येईल एवढीच सीएसएस, म्हणजे पान कसं दिसेल ते सांगणारे नियम, लिही, कुठलीही मीडिया क्वेरी न लावता. आता खिडकीची कड धरून हळूहळू रुंद करत जा आणि पानाकडे बघत रहा. कधीतरी ओळी इतक्या लांब होतील की डोळा पुढच्या ओळीची सुरुवात शोधायला लागेल, किंवा कार्डांच्या मधे उगाच मोकळी जागा दिसायला लागेल. तो तुझा ब्रेकपॉइंट, मग तो ६१० असो की ८७०. तिथे मिन-विड्थची मीडिया क्वेरी लाव आणि पुढे जा. लहानाकडून मोठ्याकडे, यालाच मोबाईल-फर्स्ट म्हणतात, ल्यूक रोब्लेव्स्की यांनी २००९ पासून हे लावून धरलं होतं. उलट केलंस, म्हणजे आधी मोठ्या स्क्रीनचं सगळं लिहून मॅक्स-विड्थने फोनसाठी ते रद्द करत बसलास, तर अर्धी सीएसएस आधीची सीएसएस पुसण्यातच जाते.

ब्रेकपॉइंट पिक्सलमधे न लिहिता एममधे लिही. मीडिया क्वेरीतला एम हा वाचणाऱ्याने ब्राउझरला दिलेल्या अक्षराच्या मापावर चालतो, तू सीएसएसमधे काय लिहिलंयस त्यावर नाही. नेहमीचं माप १६ असतं तेव्हा ४८ एम म्हणजे ७६८, पण कोणी अक्षर २० केलं असेल तर तेच ४८ एम ९६० ला जाऊन बसतात, म्हणजे मोठ्या अक्षरवाल्याला दोन कॉलमची गर्दी उशिरा मिळते. आपल्याला हवंय तेच होतं, आपण काहीच न करता.

कार्डांच्या यादीला तर ब्रेकपॉइंटच नको. सीएसएस ग्रिड मार्च २०१७ मधे क्रोम, फायरफॉक्स, सफारी तिन्हीत आला, आता त्याची भीती बाळगायचं काही कारण नाही. कॉलमना रिपीट लाव, त्यात ऑटो-फिल, आणि मिनमॅक्समधे कमीत कमी १६ रेम (रेम म्हणजे पानाच्या मूळ अक्षराच्या मापाची पट), जास्तीत जास्त १ एफआर (मोकळ्या जागेचा एक वाटा). फोनवर एक कॉलम, जरा रुंद झालं की दोन, लॅपटॉपवर तीन-चार, सगळं आपोआप. फक्त त्या १६ रेमच्या जागी ‘१०० टक्के आणि १६ रेम यातलं जे कमी ते’ असं मिन फंक्शनने लिही, नाहीतर फारच अरुंद जागेत कार्ड बाहेर सांडतं. प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत ब्रेकपॉइंट एवढेच का असं विचारलं तर खिडकी ओढून दाखव, त्याहून चांगलं उत्तर नाही.

प्रश्न : जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. शाळेच्या साइटवर वेळापत्रक आणि निकालाचे तक्ते टाकतो. पालक फोनवर बघतात तेव्हा तक्त्यामुळे अख्खं पान आडवं सरकतं. काही कॉलम फोनवर लपवू का?
— एक शिक्षक, नंदुरबार

सर, लपवू नका. पालकांकडे फोनच असतो, त्यांना गुणांचा कॉलम दिसला नाही तर तो निकाल त्यांच्यासाठी नाहीच. तक्ता एका डिव्हमधे, म्हणजे कोडमधल्या एका डब्यात, ठेवा आणि त्या डिव्हला ओव्हरफ्लो-एक्स ऑटो द्या, म्हणजे पान जागेवर राहतं आणि फक्त तक्ता बोटाने सरकतो. पहिल्या कॉलमला, जिथे मुलांची नावं आहेत, पोझिशन स्टिकी, लेफ्ट शून्य आणि पांढरा बॅकग्राउंड द्या, मग गणिताच्या गुणांपर्यंत सरकलं तरी नाव समोर राहतं. बॅकग्राउंड विसरलात तर अक्षरांवर अक्षरं चढतील. वेळापत्रकाचं मात्र वेगळं, फोनवर वारानुसार एकाखाली एक यादी करा, पालकाला उद्याचा दिवस बघायचा असतो, अख्खा आठवडा नाही.

हेच पान तुम्ही नोटीस बोर्डावर पण लावत असाल तर मीडिया प्रिंटचा छोटा विभाग लिहा, त्यात मेनू आणि बटणं काढून टाका. कागद पण एक माप आहेच, आणि सीएसएसमधे पडदा आणि कागद यांना वेगळे नियम देण्याची सोय १९९८ पासून आहे.

प्रश्न : आम्ही दिवाळी अंकाची ऑनलाइन आवृत्ती काढतो. थीम परदेशी, सुंदर आहे, रिस्पॉन्सिव्ह आहे, पण मराठी टाकलं की सगळं बिघडतं. शीर्षकातल्या वेलांट्या कापल्या जातात, फोनवर मोठे शब्द बाहेर जातात, अक्षरं सुटी सुटी दिसतात. थीम बदलावी का?
— एक संपादक, पुणे

थीम ठेवा. ती रोमन अक्षरांसाठी बेतलेली आहे एवढंच, आणि हे सात-आठ ठिकाणी दुरुस्त होतं. या प्रश्नावर जरा लांब लिहितेय कारण मराठीत साइट करणाऱ्या प्रत्येकाला हे भोगावं लागतं आणि रिस्पॉन्सिव्हचे धडे शिकवणारे याबद्दल क्वचितच बोलतात.

पहिलं, लाइन-हाइट. रोमन शीर्षकांना १.१ किंवा १.२ शोभून दिसते. आपल्याकडे वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, शिवाय ‘ट्ट’, ‘द्ध’ सारखी एकाखाली एक बसणारी जोडाक्षरं, त्यामुळे शीर्षकाला १.४ च्या खाली जाऊ नका आणि मजकुराला १.७ च्या आसपास ठेवा. हा आकडा एककाशिवायच लिहा, पिक्सलमधे नको, म्हणजे अक्षर लहानमोठं झालं की ओळींमधलं अंतर पण सोबत बदलेल. एवढं करूनही वेलांट्या कापल्या जात असतील तर त्या शीर्षकावर ओव्हरफ्लो हिडन आहे का बघा, दोन ओळींनंतर तीन टिंबं दाखवणाऱ्या कार्डांवर ते हमखास असतं, तिथे वरून थोडं पॅडिंग द्या.

दुसरं, अक्षरं सुटी दिसतात ते लेटर-स्पेसिंगमुळे. रोमन मेनूला सगळी कॅपिटल अक्षरं आणि त्यात मोकळं अंतर अशी फॅशन आहे. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते. कॅपिटलचा नियम आपल्याला लागूच होत नाही, म्हणजे मेनू वेगळा दिसण्यासाठी थीमने केलेली एक गोष्ट गायब आणि दुसरी घातक. लेटर-स्पेसिंग शून्य करा आणि मेनूला वजनाने किंवा रंगाने वेगळेपण द्या.

तिसरं, लांब शब्द. आपल्याकडे विभक्ती शब्दालाच चिकटते आणि समासही मोकळेपणाने होतात, ‘पुरस्कारवितरणसमारंभाच्या’ हा एक शब्द ४० पिक्सलच्या ठळक अक्षरात ३६० च्या फोनवर मावत नाही. आधी अक्षराचं माप लवचिक करा. क्लॅम्प फंक्शन घ्या, कमीत कमी १.६ रेम, जास्तीत जास्त २.७५ रेम, आणि मधे १.१ रेम अधिक २.५ व्हीडब्ल्यू. मधल्या भागात नुसतं व्हीडब्ल्यू लिहू नका, ते फक्त खिडकीच्या रुंदीवर चालतं, ब्राउझरचा झूम त्याला कळत नाही, रेम मिसळलं की झूम लागू होतो. एवढं करूनही शब्द सांडला तर ओव्हरफ्लो-रॅपला ब्रेक-वर्ड द्या, आणि ज्या शीर्षकाची काळजी आहे त्यात समासाच्या जोडावर हाताने सॉफ्ट हायफन, म्हणजे शब्द तुटला तरच दिसणारी जोडरेघ, घाला, ‘पुरस्कार’ आणि ‘वितरण’ यांच्या मधे, म्हणजे तुटला तरी अर्थाच्या जागी तुटेल. वर्ड-ब्रेकचा ब्रेक-ऑल मात्र लावू नका, तो कुठेही कापतो. जस्टिफाय पण फोनवर बंद करा, अरुंद कॉलममधे एका ओळीत दोनच शब्द आणि मधे खिंडार असं होतं, डावीकडे जुळवलेला मजकूर जास्त शांत वाचता येतो.

चौथं, ओळीची लांबी. थीममधे ती सीएच या मापात दिलेली असेल, ६५ सीएच वगैरे. ते माप रोमन शून्याच्या रुंदीवरून काढतात, देवनागरीशी त्याचा काही संबंध नाही. त्याऐवजी लेखाच्या डब्याला मॅक्स-विड्थ ३६ रेमच्या आसपास द्या आणि आपला खरा लेख टाकून डोळ्याने ठरवा. मजकुराचं अक्षर १.१२५ रेम ठेवा, देवनागरीत मात्रांना जागा गेल्यामुळे त्याच मापात मूळ अक्षर लहान दिसतं.

आणि एचटीएमएलच्या टॅगवर लँग एमआर लिहा. थीममधे तिथे इंग्रजी असतं. काही फाँटांत मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ वेगळा ठेवलेला असतो आणि भाषा मराठी आहे असं सांगितलं तरच तो येतो, शिवाय डोळ्यांनी न बघता ऐकणाऱ्या वाचकांचं स्क्रीन रीडर पण योग्य आवाज निवडतं. फाँटचं म्हणाल तर मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्ता’ मजकुराला चांगला आहे, फुकट आहे. पण त्याची सगळी वजनं घेऊ नका, जोडाक्षरांमुळे देवनागरी फाँटची फाइल मोठी असते, साधं आणि ठळक एवढी दोन पुरेत, आणि फाँट-डिस्प्ले स्वॅप लावा म्हणजे फाँट येईपर्यंत वाचक कोऱ्या पानाकडे बघत बसणार नाही.

प्रश्न : आमचा होमस्टे आहे, साइटवर समुद्राचे मोठे फोटो आहेत. इकडे रेंज कमी, पान उघडायला वेळ लागतो. मी फोनसाठी वेगळे छोटे फोटो टाकून मोठे डिस्प्ले नन केले, तरी फरक नाही. आणि पहिला फोटो फोनवर खालून कापला जातो, ‘बुकिंग करा’ बटण दिसत नाही.
— एक वाचक, वेंगुर्ले

ताई, डिस्प्ले ननने फोटो दिसायचा थांबतो, उतरायचा थांबत नाही. आता तुमचं गिऱ्हाईक दोन्ही फोटो उतरवतंय. त्याऐवजी एकच इमेज टॅग ठेवा आणि त्याच्या सोर्ससेटमधे त्याच फोटोच्या चार रुंद्या द्या, ४८०, ८००, १२०० आणि १८००. सोबत साइझेस लिहायला विसरू नका, ‘४८ एमच्या वर निम्मी रुंदी, नाहीतर पूर्ण’ असं काहीतरी. ते नसेल तर ब्राउझर फोटो पूर्ण रुंदीचाच धरतो आणि लॅपटॉपवर उगाच मोठी फाइल घेतो. ३६० चा फोन पण त्याच्या एका पिक्सलमागे पडद्याचे खरे ३ ठिपके असतील तर ब्राउझर १०८० चा हिशेब करतो आणि १२०० वाला उचलतो. हा हिशेब त्यालाच करू द्या. टॅगवर विड्थ आणि हाइट पण लिहा, म्हणजे फोटो यायच्या आधीच जागा धरली जाते आणि वाचता वाचता पान खाली उडी मारत नाही. खालच्या फोटोंना लोडिंग लेझी, पहिल्याला अजिबात नको, तो लगेच हवाय.

खालून कापलं जातं ते १०० व्हीएचमुळे, म्हणजे फोटोला पडद्याची पूर्ण उंची दिल्यामुळे. फोनच्या ब्राउझरमधे व्हीएच हे ॲड्रेस बार लपलेला असतानाच्या उंचीवर मोजतात, पण पान उघडतं तेव्हा बार दिसत असतो, तेवढी उंची खाली जाते आणि तुमचं बटण नेमकं तिथेच आहे. तिथे १०० एसव्हीएच लिहा, बार दिसत असतानाची लहान उंची. २०२२ मधे सगळ्या मोठ्या ब्राउझरांत हे आलं. जुन्या फोनसाठी त्याच्या वरच्या ओळीत व्हीएच राहू द्या.

प्रश्न : आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या साइटचं काम मी बघतो. काही ज्येष्ठ सभासद लॅपटॉपवर पान दोनशे टक्के झूम करून वाचतात, तेव्हा वरचा मेनू जाऊन फोनसारख्या तीन रेघा येतात. ते म्हणतात साइट बिघडली. हे कसं थांबवू?
— एक वाचक, न्यू जर्सी

काका, थांबवू नका, हेच व्हायला हवं. झूम केलं की पानाला मिळणारी रुंदी तेवढ्याच पटीने कमी होते, १२८० ची खिडकी २०० टक्क्यांवर ६४० ची होते आणि ४०० टक्क्यांवर ३२० ची. वेबच्या सुगम्यतेच्या नियमांत, म्हणजे डब्ल्यूसीएजी २.१ मधे, हे २०१८ पासून लिहिलंय की ३२० रुंदीत आडवं न सरकवता सगळं वाचता आलं पाहिजे, आणि ३२० हा आकडा या ४०० टक्क्यांच्या हिशेबातूनच आलाय. म्हणजे फोनसाठी केलेलं काम तुमच्या ज्येष्ठांच्या लॅपटॉपवर पण तसंच उपयोगी पडतंय.

तीन रेघांचा मात्र बदल करा. नुसत्या रेघा बऱ्याच जणांना कळत नाहीत, शेजारी ‘मेनू’ असा शब्द लिहा. आणि उपमेनू फक्त माउस वर नेल्यावर उघडत असेल तर तो क्लिकवर पण उघडू द्या, टॅब्लेटवर वाचणाऱ्यांच्या हातात माउस नसतो. माउस आहे की बोट हे रुंदीवरून ओळखू नका, त्यासाठी हॉव्हर आणि पॉइंटर अशा वेगळ्या मीडिया क्वेरी आहेत, पॉइंटर कोर्स, म्हणजे बोटासारखा जाड, असेल तिथे लिंकांची उंची ४४ पिक्सलपर्यंत वाढवा.

प्रश्न : कंटेनर क्वेरी आल्यावर मीडिया क्वेरी शिकायच्या का?
— एक वाचक, पिंपरी

शिका, दोन्ही लागतात. मीडिया क्वेरीला खिडकी दिसते, पण तेच बातमीचं कार्ड मुख्य कॉलममधे रुंद आणि बाजूच्या पट्टीत अरुंद असतं, खिडकी तीच असताना. तिथे बाहेरच्या डब्याला कंटेनर-टाइप इनलाइन-साइझ द्यायचा आणि कार्डाचे नियम त्या डब्याच्या रुंदीवर लिहायचे. क्रोम आणि सफारीत २०२२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधे आलं, फायरफॉक्समधे फेब्रुवारी २०२३ ला. नवीन माणूस एका ठिकाणी अडकतो, ज्याला कंटेनर केलंय तो स्वतः स्वतःच्या रुंदीवर बदलू शकत नाही, फक्त त्याच्या आतले बदलतात, त्यामुळे कार्डाभोवती एक जादा डबा लागतो. अख्ख्या पानाची मांडणी, अंधारी थीम, हालचाल कमी हवी असणारे वाचक, छपाई, हे सगळं मीडिया क्वेरीकडेच राहतं.

प्रश्न : ब्राउझरच्या टूलमधे सगळे फोन निवडून बघितले, व्यवस्थित दिसतं. तेवढं पुरे ना?
— एक वाचक, सोलापूर

मांडणीपुरतं पुरे, वापरापुरतं नाही. त्या टूलमधे कीबोर्ड वर येत नाही, फोनची अक्षरं सेटिंगमधून मोठी केलेली नसतात आणि प्रोसेसर तुमच्या लॅपटॉपचाच असतो. घरातला सगळ्यात जुना फोन घ्या, अक्षर सगळ्यात मोठं करा आणि तुमचा फॉर्म शेवटपर्यंत भरून बघा. आयफोन मिळाला तर त्यावर पण भरा, तिथे इनपुटमधलं अक्षर १६ पिक्सलपेक्षा लहान असेल तर बोट लावताच पान आपोआप मोठं होतं आणि फॉर्मची कड बाहेर जाते, टूलमधे हे कधीच दिसणार नाही. इनपुटला १ रेम दिलंत की ते थांबतं.